बटनाला लिफ्ट कशी कळते?

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा लिफ्टमध्ये स्टूल टाकून सफरचंद खात बसला होता. लिफ्ट तळमजल्यावर. दार सताड उघडं. आत तीन नंबरचं बटन लालबुंद पेटलेलं.

"कुठे चाललात?" मी विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. वीस मिनिटं झाली."

"जिना आहे की."

"आहे ना. पण म्हटलं, ज्या बाईनं हा प्रोग्राम लिहिलाय ती कधीतरी बघायला येईलच." त्यानं सफरचंदाचा शेवटचा घास घेतला आणि माझ्याकडे बघून हसला. "आली."

असा राग आला! हसला म्हणून नाही... बरा हसला म्हणून.

आमचा कारखाना लिफ्टचा. शेडच्या मधोमध तीन मजली लोखंडी सांगाडा आहे. त्यात लिफ्ट आधी चालवून बघायची, मग सुटी करून ट्रकमध्ये घालायची. हा त्या लिफ्टचा वायरमन. खिशाला कायम टेस्टर लावलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणतात. आणि मी प्रोग्राम लिहिते. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर, मिळतील ती पुस्तकं वाचून शिकले. त्या पुस्तकांवरही माझा राग आहे. ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात मेली.

मॅनेजरसाहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. शुक्रवारी लिफ्टनं बटनाचं ऐकलं नाही, तर काम एका डिग्रीवाल्याकडे आणि मी घरी. ऐकलं, तर शनिवारी ही लिफ्ट लांबच्या एका दवाखान्यात जाणार, आणि ती आणि आणखी पाच बसवायला टेस्टर तिच्यासोबत. वर्ष तरी लागणार. म्हणजे नापास झाले तर मी जाणार, पास झाले तर तो.

त्या दिवशी, सोमवारी, मला यातल्या फक्त पहिल्या भागाची काळजी होती.

"एक विचारू?" टेस्टर म्हणाला. "बटन पेटलं म्हणजे बटनाला कळलं. मग ते लिफ्टला सांगत का नाही?"

"सांगतं. मी तसं लिहिलंय."

"मग लिफ्ट ऐकत का नाही?"

"तुम्ही तुमच्या वायरी बघा!"

त्यानं बघितल्या. मंगळवारभर एकेक वायर तपासली. वायरी ठीक होत्या. म्हणजे चूक माझीच — आणि हे त्यानं कुणाला सांगितलं नाही, फक्त माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवून गेला. कपाखाली चिठ्ठी: 'वायरी निर्दोष. क्षमस्व.'

बुधवारी तो स्टूल घेऊन माझ्या शेजारीच येऊन बसला. "मला समजावून सांगा. अगदी गाढवाला सांगतात तसं."

"गाढवाला काही नाही, तुम्हाला सांगते. प्रोग्राममध्ये लिफ्ट म्हणजे एक वस्तू. ऑब्जेक्ट म्हणतात. तिच्या पोटात बटनं, तीही ऑब्जेक्ट. लिफ्टच त्यांना जन्माला घालते, म्हणून तिला सगळी बटनं ठाऊक. आणि थांबणं, दार उघडणं, ब्रेक सोडणं ही लिफ्टची कामं. त्यांना मेथड म्हणतात. बटनानं लिफ्टची थांबण्याची मेथड बोलवायची. झालं."

"आणि बटनाला लिफ्ट ठाऊक असते?"

"असणारच ना! तिच्याच पोटात आहे ते."

"सहा वर्षं मी या कारखान्याच्या पोटात आहे," टेस्टर म्हणाला. "मालकाचं तोंड अजून पाहिलेलं नाही."

मी हसणार होते... हसले नाही.

तो उठून लिफ्टकडे गेला. बटनांची पट्टी उघडून मला मागची बाजू दाखवली. "आमच्याकडे प्रत्येक बटनामागून एक वायर परत पॅनेलला जाते. ही बघा, निळी. ती नसेल तर बटन नुसतं पेटतं, बिचारं. तुमची निळी वायर कुठंय?"

मी धावतच कॉम्प्युटरपाशी आले. बटनाचा कोड उघडला. आणि ती ओळ दिसली. माझ्याच हातानं लिहिलेली. बटनाला लिफ्ट हवी होती, पण कोणती ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून मी त्याला सांगितलं होतं: एक नवी लिफ्ट बनव आणि तिला थांबायला सांग.

"काय झालं?" तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. ग्रीसचा आणि साबणाचा वास.

"प्रत्येक वेळी बटन दाबलं की कॉम्प्युटरच्या आत एक कोरी लिफ्ट तयार होते. बटन तिला सांगतं, तिसऱ्यावर थांब. ती गुणी बाळासारखी थांबते. आणि ही खरी... तिला कुणी काही बोललेलंच नाही."

"आपण किती वेळा दाबलं बटन?"

"तीनशे वेळा तरी."

"म्हणजे तीनशे लिफ्टा तिसऱ्या मजल्यावर उभ्या आहेत?"

"रिकाम्या."

तो खरोखर मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघायला लागला. तोंड उघडं. आणि मग मात्र मला हसू आवरेना. टेबलावर डोकं ठेवून हसले. तो माझ्याकडे बघत राहिला — जरा जास्तच वेळ.

गुरुवारी निळी वायर घातली. म्हणजे, लिफ्ट बटनाला जन्माला घालते तेव्हाच त्याच्या हातात स्वतःचा पत्ता देते: ही मी, काही लागलं तर मला हाक मार. लिफ्ट हलली! पण टेस्टरच्या कपाळाला आठी.

"आता लिफ्ट अख्खीच बटनाच्या हातात आली ना? उद्या त्यानं चुकून ब्रेक सोडला तर?"

हा प्रश्न डिग्रीवाल्याला सुचला असता का, मला माहीत नाही. मला सुचला नव्हता. म्हणून मी पुन्हा बसले आणि पत्ता काढून घेऊन बटनाला या खऱ्या लिफ्टशी बोलायचा फक्त एवढाच हक्क दिला: 'या मजल्यावर थांबशील का?' असं विचारायचं. बाकी लिफ्टनं ठरवायचं.

"एवढाच?" तो म्हणाला. "कंजूष आहात."

"लागतो तेवढा दिला."

"आणि कुणाला जास्त हवा असेल तर?"

"तर त्यानं मागावा. तोंड आहे ना?"

"आहे..." तो म्हणाला, आणि लाल झालेल्या कानांनी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच होता.

संध्याकाळी घरी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय गं, सांगितलंस का त्याला?"

"कुणाला? काय?"

"ज्याच्यासाठी चार दिवस ताटात बघून हसतेयस त्याला."

"काय उपयोग? तो म्हणेल, वर्षभर लांब जायचंय. मी म्हणेन, वर्ष काय, जातं. तो म्हणेल, उगाच कशाला गुंतायचं..."

"हे तो म्हणाला?"

"नाही. म्हणेल."

वहिनीनं भावाचा शर्ट माझ्या अंगावर फेकला. "म्हणजे त्याच्या वतीनंही तूच बोलतेयस! त्या बापड्याला कळू तरी दे, की त्यानं तुला नकार दिलाय."

शर्ट डोक्यावर तसाच घेऊन मी बसून राहिले. बटनाला नावं ठेवत होते मी!

शुक्रवारी साहेब स्वतः लिफ्टमध्ये शिरले. तीन नंबर दाबला. लिफ्ट वर गेली, थांबली, दार उघडलं, बटन विझलं. साहेबांनी तीनदा करून बघितलं. मग खाली येऊन म्हणाले, "हं." माणसाला चांगलं म्हणायला यांच्या जिभेला काय फोड येतो, देव जाणे. आणि टेस्टरला म्हणाले, "सोडवायला घ्या. उद्या सकाळी ट्रक येतोय."

तो लगेच वायरी सोडवायला लागला. प्रत्येकीला चिकटपट्टी, तिच्यावर नंबर. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"ऐक. मला तू आवडतोस. हे मी मनातल्या मनात चार वेळा तुला सांगितलं. चारही वेळा तू नाही म्हणालास. पण तो तू नव्हतास, तो मीच बनवलेला होता. म्हणून आता तुला विचारतेय."

चिकटपट्टी त्याच्या बोटालाच गुंडाळली गेली. बराच वेळ तो ती सोडवत राहिला.

"तो का नाही म्हणाला?"

"म्हणाला, वर्षभर लांब राहायचं, उगाच कशाला गुंतायचं."

"मूर्ख आहे तो," टेस्टर म्हणाला. मग हळूच, "तिकडून इकडे यायला किती वेळ लागतो गं?"

"बसनं पाच तास. सकाळी सहाची पहिली."

"बघून ठेवलंस?"

"कालच."

"मग... अडीच तास तू ये, अडीच तास मी येतो. दर रविवारी. मध्ये एखादा स्टँड असेलच."

"आहे. पण तिथं धड खायलाही मिळत नाही काही."

"डबा आणतो की मी!"

पहिल्या रविवारी मी उतरले तेव्हा तो आधीच येऊन बाकावर बसला होता. डबा विसरला होता. मी दोन आणले होते.