शेंदूरवाडीचा सपाट आलेख

'सरासरी कधी खोटं बोलत नाही,' असं शेंदूरवाडीच्या हिवताप केंद्रात भिंतीवर रंगवलं होतं. रंगवून घेणारे केंद्रप्रमुख लालासाहेब होते, आणि सरासरीही तेच काढत.

बाहत्तर सालच्या माघात त्याच भिंतीमागच्या कोरड्या विहिरीत जळण वेचायला उतरलेल्या बायडाबाईला एक पोतं सापडलं. आत कागदात गुंडाळलेल्या, रक्ताच्या नमुन्यांच्या एकशे ऐंशी काचा. एकीवर तिच्याच घराचा क्रमांक निघाला. 'जंतू नाहीत' असा अहवाल तिला मिळून महिना झाला होता, आणि ती दिवसाआड कुडकुडत होती.

काचा तपासणारं माणूस एकच होतं, त्यामुळे गुन्हेगार शोधायला खात्याला वेळ लागला नाही. हरणाबाई निलंबित झाल्या. अर्धांगानं पडलेला नवरा आणि दोन मुली त्यांच्या पगारावर जगत होत्या. नोकरी जायची की राहायची, हे ठरवायला सांगलीहून आकडेवारीचे तपासनीस आकाराम आले.

लालासाहेबांनी चहा मागवून आलेख पुढे केला. रोज येणाऱ्या काचांची सरासरी साठ, वरची मर्यादा ऐंशी, वर्षात एकही ठिपका बाहेर नाही. म्हणजे बोजा नव्हताच, बाईंचा कामचुकारपणा होता.

आलेख इस्त्री केल्यासारखा होता. तापाला एवढी शिस्त असते हे आकारामांना नवीन होतं.

"एका ठिपक्यात किती दिवस धरता?"

"सहा. सोमवार ते शनिवार."

"सहाच का?"

"आठवडा तेवढाच असतो की आमचा."

मग हरणाबाईंना बोलावलं. त्या उभ्याच राहिल्या.

"आवं साहेब, बेस्तरवारी बाजार. वाड्यावस्त्यांवरनं काचा आणणारी समदी त्याच दिशी येत्यात. दोनशे चाळीस. बाकीच्या दिशी चोवीस."

"तपासून किती होतात?"

"डोळं फुटूस्तवर साठ. उरल्याल्या मी बुधवारपातूर संपवायची. त्या बारीला साहेब म्हनलं, ऱ्हाऊ द्या, साताऱ्याला धाडतो."

धाडल्याचा कागद नव्हता. आकारामांनी पोत्यातला कागद मांडीवर सपाट केला, बराच वेळ पाहिला आणि लालासाहेबांकडे वळले.

"कामचुकार माणूस रोज थोड्या टाकतो. या सगळ्यांवर तारीख एकाच गुरुवारची. दोनशे चाळिसातून साठ गेल्या, एकशे ऐंशी उरल्या. शिल्लक दिसली की वरून खुलासा मागतात. आधी तुम्ही दोन-दोन दिवसांचा गट धरत होता. बुधवार-गुरुवारचा ठिपका एकशे बत्तीसवर जायचा. गट सहाचा केलात आणि गुरुवार बाकीच्या पाचांत विरघळला. आलेख बसला, काचा उरल्या. मग 'जंतू नाहीत' लिहून त्या विहिरीत गेल्या."

"पुरावा?"

"वाजू नयेत म्हणून गुंडाळल्यात, त्या कागदाला चौकटी आहेत. तो तुमचा जुना आलेख आहे, दोन दिवसांचा. जुने आलेख ठेवता त्या कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात असते. आणि हा एकाच गुरुवारचा हिशेब झाला. विहीर मी अजून पुरती उपसलेली नाही."

लालासाहेबांनी कप उचलला. उरलेला चहा संपवला.

आकारामांचा अहवाल वर गेला, मान्यही झाला. निलंबन उठवायला नियमानं केंद्रप्रमुखांची शिफारस लागत होती. केंद्रप्रमुख तीन महिन्यांच्या आजारपणाच्या रजेवर होते.