ओळीच्या शेवटचा काफ

दिवा राहू द्या पोरांनो, पण मोबाइल पालथे ठेवा. ही कुठली ऐकीव गोष्ट नव्हे. नझीह नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, आणि त्या रात्रीचं मला त्यानंच सांगितलं.

फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. अम्मानमध्ये कडाक्याची थंडी, ऑफिस रिकामं. जुना सर्व्हर पहाटेच्या अजानला बंद होणार होता. नव्यावर जे कंपाइल होईल, म्हणजे यंत्राला बिनचूक वाचता येईल, ते राहील, बाकीच्याला मूठमाती. औषधदुकानांच्या मागण्या वेबवरून यायच्या. त्या झेलणारा प्रोग्राम, म्हणजे हँडलर, आमच्याकडे घरचाच होता, आणि तो लिहिला होता रुदैनानं, नझीहच्या बायकोनं. ती जाऊन साडेसात महिने झाले होते. तिच्या हातचं चालतंबोलतं असं जगात तेवढंच उरलं होतं. साहेब म्हणाले, कशाला जीव काढतोस, तयार हँडलर विकत घेऊ. हा ऐकतोय कसला! झातरचा मसाला लावलेली रोटी खाल्ली आणि साडेअकराला कामाला बसला.

एकतीस चुका निघाल्या. मग सतरा, मग चार. नव्या सर्व्हरला तिनं वापरलेली जुनी नावं ओळखीची नव्हती, एवढंच. पावणेतीनला एक चूक उरली. ओळ एकशे बारा. शेवटी, ओळ संपवणाऱ्या अर्धविरामाऐवजी, काफ हे अरबी अक्षर.

आपल्या लोकांची नेहमीची खोड ही. अर्धविरामाची जी कळ, तीच अरबीत काफची. कीबोर्डची भाषा बदलायची राहिली की काफ पडतो आणि कंपाइलर तिथेच हटून बसतो. जुलैत अशाच एका काफानं दुकानं तासभर अडली होती. तेव्हा नझीह सगळ्यांदेखत बायकोवर ओरडला होता, "तुझ्या चुका निस्तरायला वेगळी माणसं ठेवायची का आता?" रुदैनानं तो काफ काढून दुकानं चालू केली. दुपारी माहेरी, माअनला निघाली, आणि वाळवंटातल्या रस्त्यावर तिची गाडी ट्रकखाली गेली. ते भांडण मिटलंच नाही. तेच त्याला आतून पोखरत होतं.

त्यानं काफ पुसला. अर्धविरामाची कळ दाबली.

काफ उमटला.

भाषा तपासली. इंग्रजीच. पुन्हा पुसला. पुन्हा काफ.

तेवढ्यात पहारेकरी अबू मुतिब चहा घेऊन आला. पेले दोन.

"दुसरे कुठं गेले, उस्ताद?"

"दुसरं कोण? एकटाच आहे मी."

"जिन्यात दोन कीबोर्ड ऐकू येत होते..." म्हातारा पेले ठेवून मागे न बघता गेला.

नझीहनं दोन्ही हात मांडीवर घेतले. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तिच्याकडे बघत राहिला.

इंग्रजी.

इंग्रजी...

अरबी.

"रुदैना?"

त्यानं त्या ओळीचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे नोंदलेलं असतं. इतके महिने त्याला ते बघायचा धीर झाला नव्हता. नऊ जुलै, सकाळी आठ चाळीस, काफ पडला. टाकणारा नझीह. नऊ चाळीस, काफ काढला. काढणारी रुदैना. त्यानंतर त्या ओळीला कोणाचा हात लागल्याची नोंदच नव्हती.

चूक त्याची होती. तिला ते ठाऊक होतं. चारचौघांत नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून तिनं मुकाट ऐकून घेतलं होतं. आपल्या अरबीत शब्दाला शेवटी काफ लागला की 'तुझं' होतं, हे तुम्हाला मी काय सांगू. नझीह संगणकाचा पडदा दोन्ही हातांनी धरून ओक्साबोक्शी रडला. आता तो काफ पुसायचंही बळ त्याच्यात उरलं नव्हतं. उठून तोंड धुवायला गेला.

परत आला तेव्हा चुका शून्य. हँडलर नव्या सर्व्हरवर चालू झाला होता. इतिहासात एक नवी नोंद होती, तीन बावीसची. नाव रुदैनाचं. तिचं खातं जुलैतच बंद झालं होतं, पोरांनो... मीच बंद केलं होतं, या हातांनी.

बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत एवढंच होतं: "नझीहची नाही, कीबोर्डची चूक."