छपरावरचे ठसे

शहरातल्या निम्म्या गच्च्यांची गळती मिस्त्रींनी बंद केली होती, आणि त्यांच्याच दारात उभा असलेला कॅम्पर मात्र चाळणीसारखा गळत होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! गाडीमागे जोडून न्यायचं हे चाकांवरचं घर त्यांनी महिन्यापूर्वी जुन्या बाजारातून ओढत आणलं, ते बायकोला समुद्र बघायचा होता म्हणून. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवताना तिने फळ्यावर जगातले सगळे समुद्र काढले होते, पण एकातही पाय बुडवला नव्हता. मिस्त्री दर वर्षी म्हणायचे, हातातलं काम संपू दे, मग जाऊ. काम काही संपलं नाही, दोघं निवृत्त मात्र झाली.

"उद्या सकाळी निघायचं," शिडीखालून ती म्हणाली. "नाही निघालो तर हा डबा भंगारात आणि मी एकटी बसने."

"अगं, फटींतलं जुनं सीलंट काढल्याशिवाय नवं धरत नाही. कच्च्यावर पक्कं बसत नसतं."

"लग्नापासून हेच ऐकतेय," असं म्हणाली खरी, पण हसत होती. बॅग तिने कालच भरली होती.

मिस्त्रींनी गरम हवेचा झोत छपराच्या झरोक्याभोवती फिरवला. पत्र्याला ओरखडा नको म्हणून प्लास्टिकची पाती घेतली आणि अलगद सीलंटखाली सरकवली. करपट वास सुटला, पिवळी पट्टी कांद्याच्या सालीसारखी निघत आली. तिच्या टोकाला अंगठ्याचा ठसा होता, मधोमध आडवी चीर.

मिस्त्री थांबले. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या अंगठ्याने सीलंट सारखं करायचं आणि शेवटी टोकाला एकदा दाबायचं, ही त्यांची पद्धत. बायको त्याला मिस्त्रींची सही म्हणायची. त्यांच्या अंगठ्यावर काचेने कापल्याची खूण होती, तीही आडवीच. त्यांनी अंगठा ठशावर ठेवला. चपखल बसला.

खाली आणखी एक थर निघाला, पांढरा. त्यातही तोच ठसा. त्याच्याखाली राखाडी थर, त्यात मिस्त्रींच्या अंगठ्याशेजारी एक बारीक, नाजूक ठसा. थरात वाळूचे कणही चिकटले होते.

"जरा वर ये बघू."

ती साडी खोचून शिडी चढली. नाजूक ठशावर आपला अंगठा ठेवून पाहिला, तोही बसला. मग वाळूचा एक कण चक्क जिभेवर ठेवला. "खारट आहे," ती म्हणाली आणि खुदखुदून हसली. "म्हणजे आपण जाऊन आलोय की! आणि मला पत्ताच नाही."

मिस्त्रींनाही हसू आलं. तरी त्यांनी ठशावर पुन्हा एकदा अंगठा ठेवून पाहिला. पत्रा स्पिरिटने पुसून त्यांनी नवं सीलंट भरलं, सारखं केलं, सही केली. तिनेही हट्टाने शेजारी अंगठा दाबला. इतक्या आनंदात त्यांनी आजवर एकही काम संपवलं नव्हतं.

"आता दोन तास हात लावायचा नाही," असं बजावून ते ओट्यावर आडवे झाले.

जाग आली तेव्हा ऊन जेमतेम हातभर सरकलं होतं. सवयीने ते शिडी चढले.

सीलंट पिवळं पडलं होतं. कडेने तडे गेले होते, तड्यांत वाळू भरली होती. दोन्ही ठसे जागच्या जागी होते.

कॅम्परच्या आतून गुणगुणणं ऐकू आलं.

ते खाली उतरले. बायको बॅग रिकामी करत होती. तिचा चेहरा उन्हाने रापला होता, नाकाची सालं निघत होती. इतकी खूश ती त्यांनी कधीच पाहिली नव्हती.

"मन भरलं बाई एकदाचं," ती म्हणाली. "आणि वाटभर काय गात होतात हो तुम्ही!"

मिस्त्रींना एकही गाणं येत नव्हतं.

तिच्या सुखाने त्यांचा ऊर भरून आला, आणि त्यातलं आपल्याला काहीच आठवत नाही म्हणून डोळेही भरले. ते पायरीवर बसले. "सांग ना," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

"तुम्हाला काय सांगायचं? लाटेने खडकावर आपटलात, पुढचे दोन दात गेले, तरी पाण्यात बसून लहान पोरासारखे हसत होतात."

ती थट्टाच करत असणार. मिस्त्रींनी तोंड मिटून जीभ पुढे फिरवली.

दात नव्हते. दुखतही नव्हतं. हिरडी केव्हाच भरून आली होती.