टाचा घराकडे

खोटं बोललो तर पुन्हा या तोंडात मक्याची भाकरी न पडो. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे सगळं नाही. मी पीचच्या झाडामागे होतो, आणि मधूनमधून डोळे मिटत होतो.

आम्हा चेरोकींत घर बाईचं. नवरा नकोसा झाला की ती त्याचं सामान उंबऱ्याबाहेर ठेवते. ना भांडण, ना पंचायत. आयनीने माझं ठेवलं होतं. घडी केलेली घोंगडी, वर बूट, टाचा घराकडे.

शेजारचा गोरा टिपेट रोज कुंपणाला रेलून तिची बाग बघायचा.

"रानटी लोकांना काचेच्या खिडक्या कशाला गं?"

"तुझं तोंड बघायला. आत बसून हसता येतं."

पुढे ओढ्यात सोनं सापडलं आणि जॉर्जिया राज्याच्या सरकारने आमच्या जमिनी गोऱ्यांना वाटायला सोडतीत काढल्या. आयनीचं घर टिपेटला लागलं. शेवटी शिपाई आले, चुलीवर भांडं उकळत असतानाच तिला घेऊन गेले. छावणीच्या कोंडवाड्यात ती तापाने गेली. मी डोंगरात लपलो.

टिपेटला बाग मिळाली, त्याचं मला काही नाही. पण ज्या चुलीपाशी मला जागा उरली नव्हती, तिथे हा तंगड्या पसरून बसला! त्याला हुसकवायचं आणि आपण आत शिरायचं, एवढंच माझ्या डोक्यात.

उजाडताना पाहिलं तर टिपेटचे बूट उंबऱ्याबाहेर. टाचा घराकडे. शिव्या घालत त्याने ते आत नेले. दुसऱ्या सकाळी बूट, टोपी, बंदूक. घरातून पीच शिजल्याचा वास येत होता... आणि धुराड्यातून धूर नव्हता.

मी झाडामागून पुढे आलो. मला पाहून टिपेट घाबरला नाही. त्याला हायसंच वाटलं.

"तू... तू तिचा ना? सांग तिला, घर आता माझं आहे..."

"तूच सांग. माझं तिने कधी ऐकलंय?"

आत कुणीतरी भांड्यावर झाकण ठेवलं. हळूच.

टिपेट गेला. सामान न उचलता, अनवाणी.

आता कबूल करतो, एक गोष्ट मी रचली. पहिल्या सकाळचे बूट मीच ठेवले होते. पुढचं मात्र मी नाही. टिपेट पळाल्यावर दुसऱ्या सकाळी मी ओढ्यात तोंड धुऊन, केस विंचरून दाराशी आलो.

उंबऱ्याबाहेर माझी घोंगडी होती. डोंगरातल्या कपारीत नुकताच मी तिच्यातून उठून आलो होतो.

नीट घडी केलेली. अजून ऊबदार.