चंद्रावर चूल कोणी पेटवली?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि निजामाच्या राज्यातली हिंगोली पाहा. धान्यबाजारामागे एक खोली, खोलीत दोन कपाटं मराठी पुस्तकं. हेच वाचनालय. तिथं एक नियम होता. वाचलेल्या पुस्तकावर वहीत चार ओळींचा अभिप्राय लिहायचा, मगच नवं पुस्तक न्यायचं. पुस्तकं देणारा दिगंबर नियमाला पक्का.

एका दुपारी हळदीचे व्यापारी व्यंकटराव यांच्या नावावरचं पुस्तक परत द्यायला त्यांची बहीण शालू आली. सोबत व्यंकटरावांची सात वर्षांची लेक, रुख्मी. पुस्तक होतं चंद्रावर जाणाऱ्या यंत्राची कादंबरी.

"अभिप्राय वाईट असला तर चालंल का?" शालूनं विचारलं.

"खरा असला म्हंजे झालं."

तिनं लिहिलं, 'यंत्र झकास. पण चार पुरुष चंद्रावर तीन महिने राहिले, तिथं चूल कोणी पेटवली ते लेखक सांगत नाही.'

दिगंबरला हसू आवरेना.

"हसून काहून राहिले?"

"मी दोनदा वाचलं… पण चूल काही ध्यानात आली न्हाई."

"मंग तुमीबी जा चंद्रावर. उपाशी!"

पदर सावरत ती पायरी उतरली — आणि उतरताना तिनं वळून पाहिलंच.

पुढं म्हातारपण थांबवणाऱ्या औषधाची कादंबरी तिनं नेली. अभिप्राय आला, 'शास्त्रज्ञ औषध एकटाच प्याला. बायकोला विचारलंसुद्धा नाही. याला शोध कसा म्हणावा?' दिगंबर तिच्यासाठी अकोल्याहून अशाच कादंबऱ्या मागवू लागला. तिच्या ओळींखाली पेन्सिलीनं उत्तरं लिहू लागला. एकदा त्यानं लिहिलं, 'त्या चंद्राच्या कादंबरीतलं यंत्र मिळालं तर कुठं जाल?'

शालूनं बराच वेळ टाक हातात धरला. मग लिहिलं, 'दोघांची जागा असली… तर सांगते.'

दिगंबरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता व्यंकटरावांकडे जाऊन मागणी घालायची, एवढंच उरलं होतं. पण त्याआधी तिला एक आनंदाचा धक्का द्यावा, असं त्याच्या मनानं घेतलं. तिचे अभिप्राय उतरवून त्यानं पुण्याच्या एका मासिकाला धाडले. नावगावासकट. तिला न सांगता.

मासिकानं ते छापले. तो अंक बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडेही येत होता. हळदीच्या ढिगाशी उभं राहून त्या व्यापाऱ्यानं ते व्यंकटरावांना मोठ्यानं वाचून दाखवले.

"राव, तुमच्या बहिणीनं तर समद्या नवऱ्यांची हजेरी घेतली की!"

चार माणसं हसली. तेवढं पुरलं. महिन्याच्या आत शालू हिंगोलीजवळच्या गोरेगावला दिली गेली, दोन लेकरांच्या बापाला.

लग्नानंतर घरात राहिलेलं शेवटचं पुस्तक घेऊन रुख्मी एकटीच आली.

"आत्या… काही म्हणली का?"

"व्हय. म्हणली, लोकाला दाखवायच्या आदी मला तर सांगायचं व्हतं."

दिगंबर टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "रडत व्हती?"

"न्हाई. पर आता ती काईच वाचत न्हाई."

टेबलावर तो अंक पडला होता. बाकावर तिघं जण वर्तमानपत्र चाळत बसले होते. अंक झाकायला दिगंबरनं हात पुढं केला, पण रुख्मीनं तो आधीच ओढून घेतला. ती बाकावर चढली, त्या माणसांच्या मधोमध बसली आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, आत्याचं नाव मोठ्यानं वाचू लागली.