श्रवणरक्षक

पठारावरच्या दीर्घनिद्रा केंद्राची वीज भर दुपारी गेली, तेव्हा सुदाम कोळेकर मेस्त्री जागचे हललेसुद्धा नाहीत. अहो, बारा वर्षं डिझेलचं जनरेटर त्यांच्याच हाताखाली होतं. तेल बदलायचं, फिल्टर साफ करायचे, पट्टा ताणून बघायचा, कशात म्हणून कसूर नाही. तिसऱ्या दालनात, आजारावर औषध निघेपर्यंत म्हणून, त्यांची बायको मंदा निजवलेली होती.

जनरेटर सुरू झालं, त्यानं केंद्राचा विजेचा भार घेतला आणि नवव्या सेकंदाला ते बंद पडलं. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. डिझेल भरपूर, तेल-पाणी बरोबर. आता मात्र मेस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

अभियंता डॉ. रेवती उपासनी धावत आल्या. पडद्यावर अक्षरं होती: अनोळखी आवाज, इंजिन वाचवण्यासाठी इंधन तोडले. हा श्रवणरक्षक त्यांनीच गेल्या महिन्यात बसवला होता. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो बिघाड ओळखतो. त्याला फक्त निरोगी आवाज शिकवायचा. त्याहून वेगळं ते सगळं आजारी. बारा वर्षांच्या मासिक चाचण्यांची ध्वनिमुद्रणं मेस्त्रींच्या वहीशी जुळवून बाईंनी त्याला शिकवलं होतं.

"काका, भाराचा आवाज याला अनोळखी कसा? दर महिन्याला तुम्ही भारावर चालवता ना?"

चाचणीला भार घेतला की दालनं दहा सेकंद बॅटरीवर जातात आणि प्रत्येकाच्या उशाचा हिरवा दिवा पिवळा होतो. आधीच्या मेस्त्रीनं तसं केलं तेव्हा कोळेकर मेस्त्री मंदापाशी उभे होते. काम हाती आलं, तेव्हापासून त्यांनी जनरेटर अर्धा तास रिकामंच फिरवलं आणि वहीत लिहिलं, 'भारावर चालवले, ठीक.'

"रिकामं चालवलं, मॅडम. माझ्या हातानं तिचा दिवा पिवळा करवेना."

बाई रागावल्या नाहीत, तेवढी सवडच नव्हती. इंधनाची झडप रक्षकाच्या ताब्यात होती आणि ती सोडवायला दोन तास लागणार होते. वीज संध्याकाळशिवाय येत नव्हती. बॅटऱ्या उरल्या होत्या चाळीस मिनिटांच्या. रक्षकाला हा आवाज निरोगी म्हणून शिकवणं एवढाच मार्ग होता, आणि रक्षक शब्द मानायचा तो वही लिहिणाऱ्या मेस्त्रींचाच.

जनरेटर नऊ सेकंद चाललं. मेस्त्रींनी अंगठा लावून नोंद केली: भाराचा आवाज, निरोगी.

पडद्यावर उमटलं: सुदाम कोळेकर यांच्या 'भारावर चालवले' अशा एकशे चव्वेचाळीस नोंदी याविरुद्ध आहेत. आजची नोंद चुकीची धरली.

"बहुमतानं ठरवतो तो," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"म्हणजे एकशे पंचेचाळीस वेळा खरं सांगायचं," मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी पुन्हा कळ दाबली.

एका खेपेला वीस सेकंद लागत होते. म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि बॅटऱ्या चाळीसच्याच. बाईंनी दोनदा गणित करून पाहिलं, पण ते मेस्त्रींना सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. ते तिसऱ्यांदा अंगठा लावत होते.