गाडी फाट्यापर्यंतच येते

त्या संध्याकाळी नवापूरच्या स्टँडवर मी जीपमध्ये बसले, तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर भरलेला गॅस सिलिंडर होता. चंदन ड्रायव्हरने त्याचंही भाडं घेतलं होतं.

"मॅडम, टाकी बी जागा अडाई ऱ्हायनी ना," तो म्हणाला. "मी काय करू?"

मी वाद घातला नाही. दिवसभर अकरावीच्या दोन तुकड्यांना रसायनशास्त्र शिकवलं की आवाज उरतो तो फक्त 'हो' म्हणण्यापुरता. मी 'हो' म्हटलं आणि डोळे मिटले. बाहेर पाऊस होता. भातावर लोंब्या येतानाचा, बारीक, कंटाळवाणा पाऊस...

"हे तुमच्यासोबत आहेत का?"

मी डोळे उघडले. एक तरुण वाकून सिलिंडरकडे बघत होता, एखाद्या वडीलधाऱ्या प्रवाशाकडे बघावं तसा. केसांतून पाणी गळत होतं.

"हो," मी म्हटलं. "त्यांना खिडकी हवी होती."

तो हसला आणि माझ्या समोरच्या बाकावर बसला. जीप चढाला लागली. पहिल्याच वळणावर सिलिंडर कलंडला आणि आम्ही दोघांनी एकदमच त्याची कडी धरली. त्याची बोटं थंड होती. मी हात काढून घेतला नाही. काढला असता तर सिलिंडर पडला असता – निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"एजन्सी घरी पोचवत नाही का?" त्याने विचारलं.

एवढं विचारायला नको होतं त्याने.

"एजन्सीची गाडी आमच्या फाट्यापर्यंतच येते," मी म्हटलं. "तीही भर दुपारी, मी कॉलेजात असताना. फाट्यापासून घरापर्यंत चढ आहे. घरी फक्त आई, आणि तिला दम्याचा त्रास. म्हणून मी रिकामा सिलिंडर खाली आणते, भरलेला वर नेते. जुन्या लुगड्याची झोळी करून, पाठीवर."

"एकट्या?"

"दुसरं कोण आहे?"

त्याने सिलिंडरची कडी आणखी घट्ट धरली. मग म्हणाला, "वीज? इंडक्शन शेगडी?"

"तुलना केली आहे. त्याच भांड्यात तेवढंच पाणी दोन्हीवर उकळून पाहिलं. शंभर युनिटच्या आत राहिलं तर वीज परवडते. त्यापुढे दर जवळजवळ दुप्पट होतो, मग गॅसच बरा. शिवाय वारा सुटला की आमच्याकडे वीज जाते. आणि विजेची कंपनी बदलता येत नाही, तारा एकाच कंपनीच्या. गॅसची एजन्सी मात्र बदलता येते. मी अर्ज केला आहे."

"सगळं मोजलंत..."

"मोजल्याशिवाय मी बोलत नाही."

"आणि त्या एजन्सीची माणसं कशी आहेत?"

"फोन उचलत नाहीत. नवा मॅनेजर आला आहे म्हणतात. खुर्चीवरून उठत नसणार."

"असेल," तो म्हणाला आणि एकदम बाहेरच्या पावसात फार लक्ष घालू लागला.

फाट्यावर मी उतरले. तोही उतरला. मी झोळी सोडायच्या आत त्याने सिलिंडर खांद्यावर घेतला होता. नको म्हणायला हवं होतं. पण खांदा सकाळपासून दुखत होता, आणि नको म्हणण्यासाठीही थोडी ताकद लागते.

आई ओट्यावरच होती. तिने आधी सिलिंडर पाहिला, मग त्याच्या खालचा माणूस.

"कोणाचा रे तू?" तिने आमच्या बोलीत विचारलं.

त्यानेही आमच्याच बोलीत उत्तर दिलं. नाव दानियल, चिंचपाड्याच्या पलीकडचा. मग आईने आजोबांचं नाव विचारलं, चर्च कोणतं ते विचारलं, आणि भात किती लावला तेही. सगळी उत्तरं तिला पटली.

"आणि इकडे कुणाकडे आलास?"

त्याने सिलिंडर खाली ठेवला. कपाळावरचं पाणी पुसलं.

"तुमच्याचकडे, मावशी. मी त्या एजन्सीचा नवा मॅनेजर." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे – "खुर्चीवरून उठलो, मॅडम."

माझे कान तापले. नियम मला माहीत होता. अर्ज केला की जुन्या एजन्सीला तीन दिवस मिळतात. त्यांनी ग्राहकाला भेटायचं, मन वळवायचं. वळलं तर अर्ज मागे, नाही तर ग्राहक मोकळा. पण त्यासाठी कोणी खरंच डोंगर चढून येईल, असं मला वाटलं नव्हतं.

"जीपमध्येच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतकं छान रागावत होता... मध्ये बोलावंसं वाटेना."

"बरं. वळवा माझं मन."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट, घाई न करता.

"आज नको," तो म्हणाला. "तुम्ही फार दमल्या आहात."

एवढंच बोलून तो उतारावरून खाली गेला. मी ओट्याच्या खांबाला टेकून उभी राहिले. दमले आहे हे मला माहीत होतं, वर्षानुवर्षं माहीत होतं. पण ते दुसऱ्या कुणाला दिसतं, हे नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कॉलेजच्या फाटकाशी उभा होता. हातात छत्री, पण मिटलेली. पाऊस अंगावर पडत होता.

"मन वळवायला आलात?" मी विचारलं. मनात जरा गंमत होती, खोटं कशाला सांगू.

तो हसला नाही.

"आज दुपारी मी एजन्सीची गाडी घेऊन तुमच्या गावाला गेलो. ती वर चढते का बघायला. ओढ्यावरच्या अरुंद मोरीच्या पुढे नाही चढली. मग मी चालत घरी गेलो, मावशींना सांगायला..." तो थांबला. "त्या मागच्या पडवीत होत्या. चुलीपाशी."

"आमच्याकडे चूल पेटत नाही."

"पेटत होती. लाकडं ओली होती. धूर इतका की मला त्या आधी ऐकू आल्या... खोकताना. मग दिसल्या."

"शक्य नाही," मी म्हटलं. "दर आठवड्याला मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवते. आम्हाला गॅस किती लागतो ते मला..."

पुढचं वाक्य माझ्याच्याने पुरं झालं नाही.

आमचा सिलिंडर गावात सगळ्यांपेक्षा जास्त दिवस टिकायचा. मला त्याचा अभिमान होता. झाकण ठेवून शिजवणं, बारीक आच, डाळ आधी भिजवणं – सगळं मीच आईला शिकवलं होतं. काटा मला सांगत होता गॅस किती जळला. त्या घरात आणखी काय जळत होतं, ते मी कधी विचारलंच नाही. आणि आईचा दम दर पावसाळ्यात वाढायचा, तेव्हा मी हवेतल्या ओलाव्याला दोष द्यायचे.

"त्यांनी मला शपथ घातली होती," दानियल म्हणाला. "ग्रेसीला सांगू नकोस म्हणून."

"मग?"

"मोडली."

कुणावर रागवावं ते कळेना, म्हणून समोर होता त्याच्यावर रागावले. "का? ग्राहक टिकवायला? माझी आई दाखवून आता म्हणाल, अर्ज मागे घ्या, आम्ही लक्ष ठेवू..."

"अर्ज मागे घेऊ नका," तो म्हणाला. "तेच सांगायला आलो. सकाळी मालकांकडे छोटी गाडी मागितली, ते नाही म्हणाले. पण तुम्ही जी एजन्सी निवडली आहे तिची तीनचाकी आहे. तिचा ड्रायव्हर रूपसिंग, त्याला भेटून आलो. ती मोरी ओलांडून तुमच्या अंगणापर्यंत जाते. रविवारीसुद्धा देतो म्हणाला, प्रार्थनेनंतर."

"तुम्ही... त्यांच्याकडे जाऊन विचारून आलात?"

"चहासुद्धा पाजला त्यांनी."

"तुमचे मालक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला थांबवायला माणूस पाठवला, तर तोच हिला दारापर्यंत सोडून आला."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्याने छत्री उघडली आणि माझ्या डोक्यावर धरली. त्याचा खांदा भिजत राहिला. स्टँडपर्यंत आम्ही तसेच चालत गेलो.

तो माझ्याबरोबर घरापर्यंत आला. आम्हाला दोघांना एकत्र पाहिलं आणि आई समजून गेली.

"शपथ मोडलीस ना रे?"

"मोडली, मावशी. रविवारी पाद्रीबाबांना सांगेन."

"सांग. चांगली शिक्षा द्यायला लाव."

मी आईसमोर खाली बसले. ओरडायचं ठरवून आले होते. "का केलंस?" एवढंच निघालं.

आई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. तिच्या श्वासातली शिट्टी मला ऐकू येत होती.

"तुझ्या खांद्यावरचे वळ मी बघते ना," ती म्हणाली. "न्हाताना पाठ चोळून देते तेव्हा. टाकी आणखी महिनाभर टिकली की तुझी एक खेप वाचते. तू नसताना दोन भाकऱ्या चुलीवर भाजल्या तर काय बिघडलं? दम तर तसाही आहेच."

"आई, दम त्यानेच वाढतो."

"आणि तुझी पाठ कशाने वाकते?"

मी तिचा सिलिंडर मोजत होते, ती माझे वळ मोजत होती. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता – तो कायमच होता, आणि मला तो आईचाच वास वाटत आला होता.

मागून लायटरचा आवाज आला. दानियल शेगडीपाशी उभा होता.

"चहा टाकतो," तो म्हणाला. "कोणी बारीक आच कर म्हणायचं नाही."

आईने चहा फुंकून प्यायला. मग "कोंबड्या कोंडून येते" म्हणत ती मागे गेली. कोंबड्या केव्हाच कोंडलेल्या होत्या.

दानियलने कप विसळून पालथे घातले.

"उद्या मी तुमचा अर्ज पुढे पाठवतो," तो म्हणाला. "ग्राहक ऐकायला तयार नाही, असं लिहून. आठवडाभरात नवी एजन्सी... मग इकडचा डोंगर चढायला मला काही काम उरत नाही."

"नाही उरत," मी म्हटलं.

"मी काम नसताना आलो तर?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो ओट्याच्या कडेला उभा होता, चपला हातात घेऊन. घालाव्यात की नाही हे माझ्या उत्तरावर ठरणार होतं. आडवळणाने बोलणं मला कधी जमलं नाही, आणि त्या संध्याकाळी तर तेवढी शक्तीही नव्हती.

"दानियल, मी खूप दमले आहे," मी म्हटलं. "आजची नाही... कितीतरी वर्षांची. आणि तुम्ही मला आवडता. कालच्या जीपपासून. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही सांगते. दमलेल्या बाईजवळ यायचं असेल तर या. ती रोज हसेलच असं नाही."

त्याने चपला खाली ठेवल्या. दाराच्या आतल्या बाजूला, आईच्या चपलांशेजारी.

"रोज हसू नका," तो म्हणाला. "मी काही मोजणार नाही." मग थोडं थांबून, हळूच – "पीठ कुठे असतं, ग्रेसी? भाकरी मला येते. गोल नाही येत."

"मी करते—"

"बस तू."

तो पहिल्यांदा 'तू' म्हणाला होता. आई आत आली, तिने परातीतलं पीठ पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, पाणी किती ओतलंस! चिंचपाड्याकडे असंच मळतात का?" तो काहीतरी म्हणाला, ती खळखळून हसली. हसली, आणि खोकली नाही.

शेगडीचे दोन्ही बर्नर मोठ्या आचेवर होते. माझा हात सवयीने बटणाकडे जायला निघाला... आणि मी बसून राहिले.